भज्जीच्या पातेल्यातलं शेत

येळवशीच्या दिवशी लातूर जिल्ह्यातल्या देवणीत कुणाकडं काम घेऊन जाऊ नये. दुकानांची शटरं खाली असतात, घरांच्या कड्यांना कुलपं असतात आणि सगळं गाव रानात गेलेलं असतं. मार्गशीर्षातली ही अमावास्या पंचांगात वेळा अमावास्या म्हणून येते. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत तिची येळवस होते. सीमेपलीकडं बिदरच्या कन्नड मुलखात तीच एळ्ळ अमावास्या. एळ्ळु म्हणजे तीळ. शेतात कडब्याच्या पेंड्यांची कोपी उभी केलेली असते. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. मडक्यात ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबील, टोपलीत उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर आणि मधोमध एक भलंमोठं पातेलं. त्यात भज्जी.

वाटेनं जाणारा ओळखीचा असो नसो, धुऱ्यावरून हाक येतेच : ‘पाव्हणं, कुठं चाललाव? या की जेवायला!’

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, कांद्याची पात, मेथी, गाजर, चिंचेचा कोळ, आंबट ताक, हे सगळं एकत्र शिजवून बेसन लावून दाट केलेलं कालवण म्हणजे भज्जी. घरागणिक यादी बदलते आणि प्रत्येक घराला आपलीच यादी खरी वाटते. एवढी जिन्नसं एकाच पातेल्यात कशाला, असं नव्या माणसाला वाटतं. उत्तर अगदी सरळ आहे. ती सगळी त्या दिवशी रानात होती, म्हणून पातेल्यात आली.

एका अर्थानं ही पीकपाहणीच आहे. तलाठी जी कागदावर करायचा, ती इथं चुलीवर होते. आणि त्या पातेल्यात जे शिजतं ते नीट उलगडून पाहिलं, तर दोन-चार एकरांचं शेत घराला आणि गावाला शतकानुशतकं कसं जगवत आलं, त्याचं यंत्रच आपल्यासमोर उघडतं.

आधी शेताचा आकार पाहू. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. आजोबांच्या एका शेताची नातवंडांत तीन शेतं झाली, इतकं साधं ते गणित. देशात सरासरी याहून खाली, १.०८ हेक्टर. दोन हेक्टरांच्या आतले शेतकरी देशातल्या एकूण खातेदारांपैकी ८६ टक्के आहेत. जगभरचं चित्रही फारसं वेगळं नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ६०.८ कोटी शेतं आहेत. त्यांतली ८४ टक्के दोन हेक्टरांहून लहान. त्यांच्याकडं जगातल्या शेतजमिनीचा जेमतेम १२ टक्के हिस्सा आहे, पण जगातलं सुमारे ३५ टक्के अन्न तिथून येतं.

बाराच्या जमिनीतून पस्तीसचं अन्न. हे कसं जमतं, ते समजायला जून महिन्यात तिफणीमागं चालत जावं लागतं.

तिफण म्हणजे तीन फणांची पाभर. वर लाकडाचं वाटीसारखं चाडं, त्याला भोकं, भोकांतून खाली गेलेल्या पोकळ नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला जमीन चिरत जाणारे फण. बैल पुढं चालतात आणि पेरणारा किंवा पेरणारी चाड्यावर मूठ धरून चालते. मुठीतून बी सुटतं ते बोटांच्या हिशेबानं. बोटं सैल पडली तर रोपांची दाटी होते, आवळली तर रान विरळ उगवतं. तिन्ही नळ्यांत सारखं बी पडलं पाहिजे, शिवाय बैलांची चाल कमी-जास्त झाली की मुठीचा वेगही तसाच बदलला पाहिजे. या मोजमापाला यंत्र नाही. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून मुरलेला हात, एवढंच.

ज्वारीची काही तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, झाली की एक तास तुरीचं घ्यायचं. त्यासाठी तिफणीमागं दोरीनं एक वेगळी नळी बांधायची, तुरीचं बी तिच्यातून सोडायचं आणि चाड्याचं त्या बाजूचं भोक बोळा लावून बंद करायचं. अधूनमधून एखाद्या तासात मूग, उडीद, चवळी, तीळ, अंबाडी अशी सरमिसळ टाकायची. त्याला कुणी पाटा म्हणतं. हा पाटा बहुतेक घरांत बाईच्या अखत्यारीतला. त्यातली वाळकं, शेंदाडं, शेंगा, पालेभाजी कधी बाजारात जायची नाही; सगळं चुलीपाशी यायचं. पुरुष ‘पिकं किती आली’ ते सांगायचा. ‘खायला काय काय आलं’ हे बाईला ठाऊक असायचं.

आता या तासांच्या खाली आणि वर काय चालतं ते पाहू, कारण खरं नवल तिथं आहे. ज्वारी घाईची. पाऊस पडला की झपाट्यानं वाढते, डोक्यावर जाते, साडेतीन-चार महिन्यांत कणीस देऊन मोकळी होते. तिची मुळं वरच्या थरात चौफेर पसरतात. तूर संथ. पहिले दोन-अडीच महिने ती ज्वारीच्या सावलीत जणू नसल्यासारखी उभी असते. तिचं काम जमिनीखाली चाललेलं असतं. सोटमूळ सरळ खोल जातं. ज्वारी कापली गेली की तुरीला एकाएकी ऊन मिळतं, जागा मिळते, आणि पाऊस संपल्यावरही खालच्या थरातली ओल तिच्या मुळांना लागते. दोघींना एकच जमीन दिली तरी त्या वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीवर जेवतात. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात आणि तिचा गळलेला पाला पुढच्या पिकाचं खत होतो. एक एकर मिश्र पेऱ्यात जेवढं निघतं, तेवढं ज्वारी आणि तूर वेगवेगळी पेरून काढायचं तर बरेचदा सव्वा एकराहून जास्त रान लागतं.

पण उत्पन्न वाढतं ही या पद्धतीची दुय्यम करामत. पहिली करामत कळायला देवणीपासून दीड-दोनशे किलोमीटरवर, हैदराबादच्या अलीकडं पाटनचेरूला जावं लागेल. तिथं १९७२ मध्ये कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, सुरू झाली. तिथल्या राव आणि विली या संशोधकांनी ज्वारी-तुरीच्या ९४ प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली आणि १९८० मध्ये एक प्रश्न विचारला : उत्पन्न एका ठरावीक पातळीच्या खाली गेलं की शेतकरी बुडाला असं धरलं, तर तो किती वर्षांतून एकदा बुडतो?

नुसती तूर पेरली तर पाच वर्षांतून एकदा. नुसती ज्वारी पेरली तर आठ वर्षांतून एकदा. दोन्ही एकत्र पेरल्या तर छत्तीस वर्षांतून एकदा.

या आकड्यावर क्षणभर थांबायला हवं. पाच वर्षांतून एकदा बुडणं म्हणजे एका शेतकऱ्याच्या हयातीत आठ-दहा वेळा घर मोडणं. छत्तीस वर्षांतून एकदा म्हणजे हयातीत एकदा, फार तर दोनदा. आणि हा फरक कुठल्या खतानं, औषधानं किंवा नव्या वाणानं पडलेला नाही. तासांची मांडणी बदलली, इतकंच. जुलैत पावसानं दडी मारली आणि ज्वारी मेली, तर मोकळी झालेली जागा तूर भरून काढते. ऐन फुलोऱ्यात तुरीवर अळी पडली, तर ज्वारी आधीच खळ्यावर गेलेली असते. संकट एका वेळी एकाच पिकाला गाठतं आणि मागं उरलेलं पीक त्याचा वाटा उचलतं. पाटनचेरूच्या आकडेमोडीला जे दिसलं, ते तिफणीमागच्या बाईला आकडे न मांडताच माहीत होतं. तिला ते माहीत झालं त्याची किंमतही कुणीतरी कधीतरी मोजली असणार. नुसती तूर पेरणारी घरं पाचव्या वर्षी उठून गेली असतील आणि मागं राहिलेल्यांची रीत पुढं चालली असेल.

लातूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. ऐकायला पुरेसा वाटतो. पण तो कधी पडेल याचा भरवसा नाही. अशा मुलखात जास्तीत जास्त किती पिकेल हा प्रश्न नंतरचा. कमीत कमी किती हाती लागेल हा पहिला. लहान शेताची प्रत्येक चाल या प्रश्नाभोवती बेतलेली दिसते.

जमिनीची वाटणी घ्या. भाऊ वेगळे होतात तेव्हा ओढ्याकाठचं काळं रान एकाला, माळावरचं बरड दुसऱ्याला, असं करून मोकळं होणं सोपं होतं. प्रत्यक्षात बहुधा प्रत्येक तुकड्याचे वाटे पडतात : काळ्यातलं अर्धं तुला, अर्धं मला, बरडातलंही तसंच. मग एकाच्या नावावर तीन ठिकाणी तीन पट्ट्या होतात. पाहुणा साहेब म्हणतो, किती हा वेडेपणा, जाण्या-येण्यातच दिवस जातो. असे तुकडे पाडू नयेत म्हणून आपला तुकडेबंदीचा कायदाही १९४७ पासून आहे. पण अतिवृष्टीत काळ्या रानात पाणी साचून पीक पिवळं पडतं तेव्हा बरडातलं पीक हसत असतं, आणि दुष्काळात बरड करपतं तेव्हा काळं रान तग धरतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही शेतकऱ्यांच्या पट्ट्या अशाच गावभर विखुरलेल्या असत. ती विम्याचीच एक तऱ्हा होती, असं अर्थशास्त्रज्ञ मॅक्लोस्की यांनी दाखवलं. वाटणीत न्याय असतोच, पण त्या न्यायाच्या पोटात पावसाचा विमाही असतो.

हे काळं रान स्वतःच एक आश्चर्य आहे. दख्खनचा बेसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो झिजून ही माती झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि ती माती आत जाते. काळी माती अशी स्वतःला नांगरत असते. पावसाळ्यात भरून घेतलेली ओल ती थंडीभर सोडत राहते. त्या ओलीवर, वरून एक थेंब न पडता, रब्बीची ज्वारी येते. जमीन हीच इथली विहीर.

त्या रब्बी ज्वारीचं नाव मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला एम ३५-१ हा तिचा वाण कित्येक दशकं टिकून आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. बुटकी, लवकर येणारी, दाण्याला भरघोस. खरिपात ती चालली. रब्बीत मात्र शेतकरी मालदांडीला सोडेना. शेतकरी अडाणी, नवं घेत नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. पण प्रयोगशाळेच्या ताजव्यात फक्त दाणा होता. शेतकऱ्याच्या ताजव्यात दुसऱ्या बाजूला कडबाही होता. मालदांडीचं उंच, गोड ताट म्हणजे गुरांचं वर्षाचं अन्न. बुटक्या ज्वारीत माणूस जेवेल, पण बैल उपाशी राहील, आणि बैल उपाशी राहिला तर पुढच्या जूनमध्ये तिफण कोण ओढणार?

इथं गोष्टीत गाय येते. देवणी हे नाव मराठवाड्याबाहेर पोचलं ते तालुक्यामुळं कमी, गाईमुळं जास्त. गीर, डांगी आणि इथली गावरान गुरं यांच्या संकरातून ही जात घडली असं पशुतज्ज्ञ मानतात. तिच्यात तीन तऱ्हा ओळखतात. अंग पांढरं आणि तोंड काळं ती वानेरा, वानरासारख्या तोंडाची. बहुतेक सगळी पांढरी ती बालंक्या. पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे विखुरलेली ती शेवरा. जवळच्याच कंधारची लाल कंधारी ही तिची शेजारीण. येळवशीच्याच सुमारास लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, तिथं दोन्ही जातींची देखणी जनावरं एका मैदानात पाहायला मिळतात. उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आजही बैलाचे दात पाहून, खांदा दाबून, चार पावलं चालवून सौदे होतात.

देवणी गाय एका वेतात सरासरी आठ-नऊशे किलो दूध देते. संकरित गाय याच्या कितीतरी पट देते. मग ही पाळायची कशाला? पुन्हा तोच ताजवा. देवणी दूध देते, तिचा गोऱ्हा काळ्या चिकट रानात नांगर ओढतो, दोघंही ज्वारीच्या कडब्यावर आणि तुरीच्या गुळीवर भागवतात, आणि शेण देतात. कुठल्याच एका रकान्यात तिचा पहिला नंबर नाही. सगळ्या रकान्यांत ती पास आहे. शेतासारखीच तिचीही घडण अशी की ती सहसा बुडवत नाही.

आता चक्र पूर्ण होतं. ज्वारीचा दाणा माणसाला, ताट गुरांना, धसकटं चुलीला. तुरीची डाळ माणसाला, गुळी गुरांना, तुराट्या कुडाला, छपराला आणि कणगीला. कणगी म्हणजे तुराट्यांची विणलेली, शेणा-मातीनं लिंपलेली भली उंच टोपली. तिच्यात ज्वारी भरायची. दोन पिकं रानात शेजारी उभी होती. घरातही एकीच्या काड्या दुसरीचे दाणे राखतात. बियाण्याच्या मडक्यात चुलीतली राख मिसळतात. राखेची बारीक पूड किड्याच्या अंगावरचा मेणासारखा लेप खरवडते आणि किडा आतलं पाणी गमावून सुकून मरतो. टाकून द्यायचं असं या घरात काहीच नसतं, राखसुद्धा नाही.

ज्याच्याकडं जास्त पिकायचं तो पेव भरायचा. जमिनीत खणलेला, आतून लिंपलेला खड्डा, त्यात ज्वारी आणि तोंड बंद. ही साठवण समजून घेतली की माणूस चकित होतो. धान्य श्वास घेतं, आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यात कीड जगू शकत नाही. वीज नाही, औषध नाही; धान्य स्वतःच्याच श्वासानं स्वतःला राखतं. पण त्याच हवेत माणूसही जगू शकत नाही. म्हणून पेव उघडल्यावर ते वारं खाऊ द्यायचं, आत कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. घाई करून उतरलेले कैकजण वर आलेले नाहीत. एखाद्या गोष्टीचं पेव फुटलं असं आपण सहज म्हणतो. त्या शब्दाखाली हा अंधारा, भरलेला, जीवघेणा खड्डा आहे.

घर जगवणाऱ्या या शेताचं गणित बाजाराच्या गणितात बसत नाही हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एका रशियन माणसानं. अलेक्सांद्र चायानोव्ह यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं, की कुटुंबाचं शेत मजुरी मोजत नाही. त्याच्यापुढं खाणारी तोंडं किती आणि राबणारे हात किती, हा हिशेब असतो. लेकरं लहान असतील तर दोन हात जास्त राबतात. लेकरं हाताशी आली की तोच भार हलका होतो. सोव्हिएत सत्तेला हे पटलं नाही. १९३० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. आपल्याकडं १९५० च्या दशकातल्या शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्यांतून दिसलं, की शेत जितकं लहान तितकं एकरी उत्पन्न जास्त. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये त्याची फोड केली : मोठा शेतकरी मजुरी परवडते तिथंच थांबतो, घरचा माणूस मात्र आणखी एक खुरपण करतो, आणखी एक सड वेचतो. या निष्कर्षावर अर्थशास्त्रज्ञ आजही भांडतात. कुणी मातीच्या कसाकडं बोट दाखवतं, कुणी मोजणीतल्या चुकांकडं. पण संध्याकाळी दिवा लागायच्या वेळीही रानात वाकलेली बाई ज्यानं पाहिली आहे, त्याला सेन काय म्हणतात ते लगेच उमजतं. आणि ‘जास्त उत्पन्न’ या शब्दांत कुणाची कंबर मोडते, तेही.

शेत एका घराचं असलं तरी ते एकट्या घराचं कधीच नव्हतं. ज्याच्याकडं एकच बैल तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायचा. दोघांची मिळून एक जोडी, आज तुझं रान, उद्या माझं. नवी शेंग, नवा हुरडा, पहिली वाळकं आली की शेजारी-पाजारी वाणवळा जायचा. वाणवळ्याला पैसे नसतात, पण त्याची आठवण असते. आपली विहीर आटलेल्या वर्षी तीच आठवण दार उघडते. पीक निघालं की सरवा वेचायला बायका यायच्या. रानात पडलेली कणसं ज्यांना रान नाही त्यांची. फ्रेंच चित्रकार मिले यांच्या १८५७ च्या प्रसिद्ध चित्रात तीन बायका वाकून नेमकं हेच करताना दिसतात. जगात जिथं जिथं धान्य कापलं गेलं, तिथं तिथं सरव्याचा हक्क कुणाला ना कुणाला सांगावा लागला.

मात्र या चित्रावर उगाच हळद-कुंकू वाहायला नको. सरवा वेचणारी बाई सरवा का वेचत होती, हा प्रश्न राहतोच. खळ्यावरून बलुतं मिळायचं, पण ते जातीनं ठरलेल्या कामाचं, ठरलेल्या पायरीवर उभं राहून घ्यायचं धान्य होतं. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिलं, ते उगाच नव्हे. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन रस्त्यावर आले, ते याच मातीतला एक तुकडा आपला असावा म्हणून. एक-दोन एकर म्हणजे काय, हे ज्याच्याकडं ते नाही त्याला सर्वांत चांगलं कळतं. आणि ज्या बाईला पाट्यातलं प्रत्येक बी ठाऊक होतं, तिचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच होतं.

शिवाय छत्तीस वर्षांतलं ते एक वर्ष येतंच. १९७२ मध्ये आलं. सलग अवर्षणांनी तासांची मांडणी, पट्ट्यांची वाटणी, कणग्या, पेवं, सावड सगळ्यांना हरवलं. लोक खडी फोडायला गेले आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन जगले. गावाचा विमा गावापुरताच असतो. सगळ्या गावांवर एकदम संकट आलं की सरकारच लागतं. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच दुष्काळातून उभी राहिली.

मग आता काय आहे? आता सोयाबीन आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लातूर जिल्ह्याचा खरीप पाहता पाहता सोयाबीनचा झाला. त्यामागचा हिशेबही खुळा नाही. मुलाची फी, दवाखाना, मोबाइल, मोटारसायकलचा हप्ता यांतलं काही ज्वारीच्या पोत्यानं भरता येत नाही. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, लातूरच्या अडतीत रोख पैसे मिळतात, आणि त्याच्या मागं हरभरा घेता येतो. पण एक कडी निसटली की साखळी कशी सुटत जाते ते पाहण्यासारखं आहे. खरिपाची ज्वारी गेली, तसा कडबा गेला. कडबा गेला, तसे बैल परवडेनात. बैल गेले, तसं शेण गेलं आणि तिफण माळ्यावर गेली. पाट्यात मूग, तीळ, अंबाडी पेरणारा हात ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला नाही. घरात पैसा आला आणि डाळ दुकानातून येऊ लागली. पूर्वी पावसानं ओढ दिली तरच घर हलायचं. आता पाऊस चांगला झाला तरी भाव पडला की हलतं. धोका संपला नाही, त्यानं घर बदललं.

तरीही जुनी रीत पुरती मेलेली नाही. सोयाबीनच्या शेतात नीट पाहिलं तर चार-सहा तासांमागं तुरीची एक-दोन तासं दिसतात. सोयाबीन लवकर निघतं, तूर मागं उभी राहते, मोकळ्या जागेत पसरते. पुढचं पीक बदललं. मागं उभं राहून सांभाळणारी तीच. ट्रॅक्टरवाल्यालाही बाप सांगतो, ‘कडंच्या तासाला तूर सोड.’ का, ते तो सांगत नाही. त्याला त्याच्या आईनंही सांगितलं नसेल.

आणि येळवस आहे. सणाच्या आठवड्यात बाजारात भज्जीच्या सामानाचे वाटे मांडलेले असतात : थोडे तुरीचे दाणे, थोडे सोलाणे, वाटाणा, चिंच, पात. भाव चढलेला असतो आणि तरी लोक घेतात, पिशवीत भरून रानात नेतात. आपल्या रानात न पिकलेलं आपल्याच रानात नेऊन शिजवतात.

सातबाऱ्यावरच्या गाव नमुना बारामध्ये दोन जुने रकाने आहेत. एक ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’, दुसरा ‘मिश्र पिकाखालील क्षेत्र’. जिथं एकच पीक ते निर्भेळ. २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरून ई-पीक पाहणी भरतो, बांधावर उभं राहून फोटो काढतो. पहिल्या रकान्यात सोयाबीनचा आकडा पडतो. दुसरा बहुतेक शेतांत कोराच राहतो. येळवशीला संध्याकाळ होता होता पोरं हेंडग्याची मशाल पेटवून पिकाभोवती धावतात, कोपीतलं भज्जीचं पातेलं रिकामं होत येतं, आणि म्हातारी तळाला लागलेलं खरवडून शेवटच्या पाहुण्याच्या ताटात वाढते. तूर, हरभरा, वाल, पात, चिंच. कागदावरचा कोरा रकाना वर्षातून एक दिवस तिथं भरलेला असतो.